कोरे रकाने

मालार्ग्वेच्या दक्षिणेला, डांबर संपून खडी लागते
तिथे आमची तबकडी. पस्तीस मीटर.
तिच्या पायाशी उभं राहिलं की माणूस तिळाएवढा.
आणि ती कान देऊन ऐकते कोणाचं?
अकरा किलोच्या एका डबड्याचं.

एलेउतेरिओ शेळ्या घेऊन कुंपणाजवळून जातो,
उन्हाळ्यात वर, बर्फ पडायच्या आत खाली.
त्यानं एकदा विचारलं, केवढं आहे हो तुमचं ते?
मी म्हटलं, दोन महिन्यांचं करडू असतं ना, तेवढं.
‘आणि एकटंच पाठवलंत?’
मला उत्तर सुचलं नाही.

एकटं नव्हतं खरं तर. मोठ्या यानाच्या पोटाला चिकटून
तेरा वर्षं गेलं. युरेनसपाशी त्याला सोडून
मोठं पुढे निघून गेलं,
त्याला आणखी लांबचं बोलावणं होतं.
नाव चिंगोलो. इथल्या चिमणीचं नाव,
डोक्यावर तुरा, मानेला तांबूस पट्टा.

वजनावरून आम्ही किती भांडलो!
कॅमेरा काढला. मग दुसराही काढला.
रंग दिला नाही, रंगालाही वजन असतं.
शेवटी उरला दांडीच्या टोकाला एक चुंबकमापक,
एक घड्याळ,
आणि नऊ दिवस पुरेल एवढी ऊब.
तिथला सूर्य टाचणीच्या टोकाएवढा,
त्याच्या जिवावर कोण जगणार?

बरोबर प्रश्न एकच बांधून दिला होता:
एरियलच्या बर्फाखाली खारं पाणी आहे का?
असेल, तर जवळून जाताना आकडे हलतील.
होकायंत्राच्या सुईला कळणारही नाही, इतके.

ऑगस्टमधली रात्र. सेकंदाला चार बिट.
पावणेतीन तासांपूर्वी तिकडून निघालेले आकडे
म्हाताऱ्यानं सुटी नाणी मोजून द्यावीत तसे येत होते.
आयलिन मोठ्यानं वाचत होती.
एकशे बारा. एकशे बारा. एकशे चौदा.
एकशे एकोणीस.

आणि सोंदा सुटला.
डोंगर उतरून येणारा तो गरम, कोरडा वारा,
पत्रे उडवणारा, माणसांची डोकी फिरवणारा.
वेग मर्यादेबाहेर गेला तशी
तबकडीनं आम्हाला न विचारता
तोंड वर केलं. भलत्याच आभाळाकडे.
सव्वीस मिनिटं.

चिंगोलो बोलतच राहिलं असणार.
त्याला काय ठाऊक.
तेच पुन्हा सांगण्याइतकी ऊब त्याच्यापाशी नव्हती.

वारा पडल्यावर: एकशे अठरा. एकशे तेरा. एकशे बारा.
मग नुसती खरखर. ती काय, नेहमीचीच.

आयलिन म्हणाली, मधली रेघ जोडून टाकू का?
इकडून चढलीय, तिकडून उतरलीय,
मधे डोंगरच असणार.
तिचं चूक नव्हतं. मलाही तिथे डोंगर दिसत होता,
डोंगराखाली पाणीसुद्धा,
काळं, खारट, अजून कोणी न पाहिलेलं.
इतकं स्पष्ट दिसत होतं
म्हणूनच मी पेन खाली ठेवलं.

ग्रॅम-ग्रॅमसाठी भांडलो होतो आम्ही.
आता त्यात आपल्या मनाचा एक ग्रॅमही घालायचा नाही.

तक्त्यात सव्वीस रकाने कोरे गेले.

सकाळी एलेउतेरिओ दिसला,
रात्रीच्या वाऱ्यात पांगलेल्या शेळ्या हुडकत.
किती सापडल्या?
‘एकेचाळीस.’
आणि गेल्या किती?
त्यानं टोपी मागे सारली, डोंगराकडे पाहिलं.
‘ते अजून मोजलं नाही.’