टेकडीवर रेंज येते

मोहाखालून जातो तेव्हा बाया टोपल्या भरत असतात.
"चालले का काका न्यूझीलंडले?" जयवंताची सून विचारते.
"हाव," म्हणतो. हातात काठी, खिशात फोन,
फोनला रबर लावलेलं, मागचं झाकण निघतं म्हणून.

बिबखेडची टेकडी काही मोठी नाही.
चढायला वीस मिनिटं, गुडघ्याला विचारलं तर चाळीस.
वर एक सालईचं झाड, शेंदूर फासलेला धोंडा,
आणि धोंड्याच्या डाव्या अंगाला, मोजून तीन पावलांवर,
दोन काड्या रेंज.
पाऊल हललं की तू जातेस.

माझे सात, तुझा दीड.
आज तूही कुठल्या डोंगरावर उभी, पंचफुला.
लुगड्यावर निलूचं जर्किन, पायात जावयाचे बूट,
मागचं हिरवं इतकं हिरवं की मला ते कॅलेंडर वाटलं.
मेंढ्या दाखवल्यास. खाली समुद्र दाखवलास.
"पाहा, कसा हालते," म्हणालीस,
जशी निलूच्या बाळाची मान सावरताना म्हणतेस.

चौतीस वर्षं लाईनमन होतो, नजर आधी खांब शोधते.
तुझ्या डोंगरावर एक खांब नाही, एक तार नाही.
"जमिनीखालून नेतेत म्हणे," तू सांगितलंस,
आणि मग हळूच,
"इथं पावसापाण्यात कोणाच्या नवऱ्याले चढा लागत नाही."

एक बाक होता तिथं. लाकडी, समुद्राकडं तोंड केलेला.
त्याच्यावर पितळी पट्टी, पट्टीवर नाव.
निलूनं वाचून दाखवलं तुला:
कोण्या म्हाताऱ्यानं ठेवला, बायको गेल्यावर,
तिला ही जागा आवडायची म्हणून.
"मेल्यावर ठेवला," तू म्हणालीस. "बसले असते तं दोघं आधीच."
मी काही बोललो नाही.

या टेकडीच्या अर्ध्यापर्यंत तू किती वेळा आलीस,
सरपणाला, तेंदूपानाला, एकदा हरवलेल्या बकरीमागं.
डोक्यावर मोळी असली की माणूस वर बघत नाही.
तालुक्यातल्या सगळ्या खांबांवर मी चढलो,
आणि उरलेल्या दहा मिनिटांच्या चढावर
तुला कधी म्हटलं नाही, चल.

"आपलं घर दाखवा ना तिथून."
कॅमेरा उलटा करायला निलूनं शिकवलंय,
तरी आधी माझंच नाक आलं, तू हसलीस.
मग गाव आलं. कवेलू, पत्रे, शाळेचा पिवळा रंग,
कोरड्या नाल्यातली ढोरं, पाण्याची टाकी.
मी सांगतच होतो, टाकीच्या उजव्या हाताला...
"थांबा. ते लाल. माही वाकळ हाय ना ते?"

तुझ्या जुन्या लुगड्यांची वाकळ, पत्र्यावर पसरलेली,
चार कोपऱ्यांवर चार विटा.
"उनात घातली," मी म्हटलं.
वरून आपलं घर लवकर सापडावं म्हणून घातली, हे नाही म्हटलं.
मागल्या सोमवारपासून तिथंच आहे, हेही नाही.

तुझ्याकडचा वारा बोलत राहिला, खरखर, खरखर.
मग तू विचारलंस,
"पहाटे गार सुटते. काय पांघरता मंग?"

माझं पाऊल हललं.
मुद्दाम की चुकून, मला सांगता येणार नाही.

थोडा वेळ तसाच बसलो धोंड्यापाशी.
बाजूला एक सपाट खडक आहे, दोघं मावतील इतका.
त्याच्यावरचा पाचोळा काठीनं सारला,
एक विंचू निघाला, त्याला जाऊ दिलं.

उतरलो तेव्हा टोपल्या भरल्या होत्या,
मोहाचा वास तापायला लागला होता.
"काय म्हणते काकू?"
"थंडी हाय म्हणते तिकडं,"
मी म्हटलं.