तासांची वही

गोराईत, मिठागराच्या कडेला, पास्कल तुस्कानोची शेड.
आत एक विमान, एका माणसापुरतं.
पंख भिंतीशी उभे, चादरीखाली,
आजाऱ्याला टेकवून बसवतात तसे.

इंजिन जुन्या फोक्सवॅगनचं.
कुर्ल्याच्या भंगारात सापडलं तेव्हा
एका सिलिंडरात कुंभारीण माशीनं घर केलेलं.

आठवडाभर लेथवर दुसऱ्यांचे बुश, दुसऱ्यांच्या पिना.
रविवारी मी इथे.
आधी पेट्रोल बाटलीत, त्यात थोडं पाणी, गदगदा हलवायचं.
पाण्याची रेघ वर चढली की पास्कल शिवी हासडतो:
परत स्पिरीट घातलंय,
नळ्या खाणार, रबर कुजवणार.

मग वाल्वची फट.
गेजची पाती किंचित अडली पाहिजे, किंचितच.
पातीवरचे आकडे त्याला आता दिसत नाहीत,
बोटानं सांगतो, आणि बोट चुकत नाही.
एकदाच चुकलं.
तो चहा आणायला गेला तेव्हा
मी नट पाव आटा फिरवला. बोलले नाही.

बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवून पीळ द्यायचा,
असा, की एक सैल व्हायला निघाला
तर शेजारच्याला आवळेल.
आमच्या सोसायटीत असं एक घर नाही.

शेपटीला दोर, दोर भेंडीच्या झाडाला, चाकांना दगड.
पंखा मारला.
दुसऱ्या झटक्याला खोकलं, तिसऱ्याला धरलं.
कोंबड्या पांगल्या. सिसिल्याबायनं
वाळत घातलेल्या चादरी गुपचूप काढून नेल्या.
झाड हललं.
पास्कल डोळे मिटून, हात खिशात:
"तिसरा."
प्लग काढून पाहिला. तिसराच.

तेल गरम असतानाच काढायचं,
पांढऱ्या फडक्यावर, उन्हात धरून बघायचं.
इथे चमक नको असते.
एक कण लखलखला
तर आत कुठली तरी बेअरिंग सोलली जातेय.
काळं होतं. नुसतं काळं. बरं वाटलं.

वहीत लिहिलं: जमिनीवर, अठरा मिनिटं.
आजवर एकसष्ट तास.
शेजारी 'हवेत' हा रकाना,
त्यानंच आखलेला, लाल शाईनं, ऐसपैस,
अकरा वर्षांपूर्वी, परवानगी येणारच होती तेव्हा.
मी तिथे आडवी रेघ मारत नाही.

दोर सोडायला गेले
तर गाठ इतकी आवळलेली
की दातांनी काढावी लागली.