काठाची रुंदी

वडगावात आमच्या बोळात
माग सहाला सुरू होतात
आणि माझा संगणक साडेआठला,
तोही मनात आलं तर.
बुडालेल्या पतसंस्थेच्या लिलावातला,
कपाळावर अजून चिठ्ठी: वसुली विभाग.
त्याच्यावर मी साड्यांचे काठ काढते.
एक चौकट, एक धागा. पुढची चौकट.

भरमाणी खानापूरहून आला,
चपलांवर कौलांच्या भट्टीची लाल धूळ,
खिशात पेन ड्राइव्ह.
"विंडोजनं मान टाकली? टाकू दे की.
लिनक्स घालू. फुकट आहे.
तोंडवळा तेवढा तू निवड,
रोज बघायचं तुलाच आहे."

मला आजवर सात घरांनी बघितलंय.
मी कुणाला बघायला बसले, ती ही पहिली वेळ.

आधी प्लाझ्मा आला.
खिडकी मिटली की थरथरत विरघळायची,
कोपऱ्याकोपऱ्यात घड्याळ, हवामान, काचेची झिलई;
शहापुरातला लग्नाचा शालू,
निऱ्यांपर्यंत जर, अंगाला टोचेल इतकी.
"चार जीबीत धाप लागेल ह्याला," भरमाणी म्हणाला.
मला तो श्रीमंत नाही, भित्रा वाटला,
बोटभर जागा मोकळी सोडायला घाबरणारा.

मग ग्नोम. वर एक काळी रेघ, बाकी शांत.
खिडकी खाली सारायचं बटणच नाही.
"सवय होईल."
हे वाक्य मी ओळखते.
पाचव्या घरानं ते
चहाची बशी खाली ठेवता ठेवता म्हटलं होतं.

सिनॅमन शहाणा. कुणालाही चालेल,
म्हणून कुणी वळून बघत नाही.
शेवटी एक्सएफसीई, नाव घेताना जीभ अडखळते,
उंदराचं चित्र मिरवणारा, खडूसारखा फिका,
पण हाक मारली की हजर.

दुपारपर्यंत मी त्यालाच नटवत बसले.
चिन्हं गोल केली. राखाडी काढून मोरपंखी घातला.
खालची पट्टी चोवीस पिक्सेल,
कशी नाजूक, बांगडीएवढी!
तिच्यात माझ्या फायलीचं नाव उमटलं:
गामा.
मी लिहिलं होतं गोमी.
मात्रा आणि वेलांटी
पट्टीच्या वरच्या कडेला कापली गेली होती.

शेजारी इरप्पा काकांची फाईल, कानडीत: चिक्की.
त्यांच्या लिपीत जोडाक्षरातलं दुसरं अक्षर
पायाशी लोंबतं,
ते खालच्या कडेनं छाटलेलं.

आमचं वरून जातं, त्यांचं खालून.
पट्टी एकच.

भरमाणी काही बोलणार
तेवढ्यात लाईट गेली. बुधवार होता.
बोळातले सगळे माग एका दमात गप्प झाले
आणि पडदा काळा;
मोरपंखी, गोल चिन्हं, तीन तासांची निवड, सगळंच.
"अजून बसवलं कुठं होतं?" तो म्हणाला,
"पेन ड्राइव्हवरचं काही त्याच्या लक्षात राहत नाही."
मला हसूच आलं.
बघणाऱ्या घरांचंही तसंच असतं.

सहाला वीज आली.
ह्या वेळी चटकन बसवून टाकला तोच फिका उंदीर.
रंग आहे तो राहू दिला.
पट्टी फक्त छत्तीस केली.
जाड दिसते. थोडी गावठीही.

इरप्पा काका रात्री आले, हाताचं तेल पुसत.
नमुन्याआधी त्यांची नजर पट्टीवर गेली.
"अंचु स्वल्प अगल आतु."
काठ जरा रुंदच झालाय, हे मलाही दिसत होतं.
मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी वाचलं,
आधी त्यांचं, सरळ,
मग माझं, एकेक अक्षर चाचपत: गो. मी.
"खरे, चलो ऐति."

चांगलं काय झालं, ते मी विचारलं नाही.
भरमाणीची खानापूरची शेवटची बस
तोवर निघून गेली होती.
तो अजून वॉलपेपर शोधत होता.