दोन रकाने

फ्रिजवर चुंबकाने अडकवलेली वही.
डावा रकाना मुक्ताचा, उजवा निहारचा.
मुक्ता: ३.१०, डावीकडून, झोपली.
निहार: ३.४०, डब्याचं, साठ मिली, वीस ओकला.

अकरा दिवस तो वाशीला काचेच्या पेटीत होता,
एक किलो सहाशेचा.
आधी नळी, मग थेंब, मग बाटली.
घरी आणला तर माझ्या अंगाशी येताच
तोंड फिरवायचा,
भलत्याच दारात उभं केल्यासारखा.
मुक्ता पहिल्याच तासात
जळवेसारखी चिकटली होती.

घणसोली गावात बातमी पायीच फिरते, तरी लवकर पोचते.
बयोमावशी दिवाळ्याहून मुशी घेऊन आली,
"कालवण खा गो, दोघांना पुरंल."
खाल्लं. अळीव खाल्ले, शतावरी खाल्ली.
छातीचा दगड झाला, हुडहुडी भरली,
तो काही वळला नाही.

चौथ्या महिन्यात त्याला जुलाब.
पाचव्यात कान.
सहाव्यात छाती भरली.
रात्री दीडला एमआयडीसीचा तो गोडसर वास
खिडकीच्या फटीतून यायचा,
आणि नेब्युलायझरची घरघर,
मास्क त्याच्या चेहऱ्याहून मोठा.
उजवा रकाना भरत गेला.
डाव्यात नुसत्या वेळा.

सासूबाई काही बोलल्या नाहीत,
बाटल्या उकळायचं पातेलं तेवढं
ओट्यावर जरा जोरात ठेवलं.
नवरा म्हणाला, डबा बदलून बघू.
वरच्या मजल्यावरची वैजयंती म्हणाली,
आमच्याने दोन वर्षं अंगावरचं प्यायलं, साधी शिंक नाही,
आणि माझ्या ब्लाउजकडे पाहिलं
बंद दुकानाकडे पाहतात तसं.

वही घेऊन डॉक्टर लोबोंकडे गेले,
हिशेब तपासायला द्यावा तशी पुढे केली.
त्यांनी पानं उलटली. चष्मा पुसला.
म्हणाले, आईच्या दुधावरची मुलं
कमी आजारी पडतात, हे खरंय.
पण ते मी शंभर पोरांचं सांगू शकतो.
ह्या एकाचं नाही.
हा लवकर आला, हलका आला, रबाळ्याच्या धुराशेजारी राहतो,
कशाने किती, मला वेगळं काढता येणार नाही.
बाटली सोडा, वाटीने पाजा, घासायला सोपी.
अंगावरचं निघेल तेवढं काढा,
वीस मिली तर वीस मिली.
आणि टाकी कधी धुतली होती?

मला आठवेना.
वहीत तो रकानाच नव्हता.

रविवारी नवरा टाकीत उतरला.
तळाशी चार बोटं गाळ,
आणि कुणाची तरी प्लास्टिकची चप्पल, लहान मुलाची.
आम्ही दोघं ती चप्पल बघत
गच्चीवर बराच वेळ उभे होतो.

आठव्या महिन्यात मुक्ताला ताप आला. एकशे तीन.
पुढचं वहीत नाही.
तिचं कपाळ तव्यासारखं,
आणि माझ्या आत कुठेतरी
एक श्वास सुटला.
चला, हिलाही.
एवढंच. लगेच मी फडकं भिजवलं,
औषध मोजलं, रात्रभर बसले,
तिसऱ्या दिवशी ती उठून हसली.
पण तो श्वास माझाच होता.
नाकारू कशी?

मावशीने आता बोंडलं पाठवलंय,
चांदीचं, चोच झिजलेली,
कडेवर कुणाचं तरी नाव, अर्धंच वाचता येतं.
पहाटे पाचला मी ओट्याशी बसते,
हाताने पिळून काढते.
कधी वीस. कधी पंधरा.
काल तर आठच, आणि त्यातलं एक बोटभर सांडलं;
सांडलेल्यावर मी सासूबाईंसमोर रडले,
त्यांनी न बोलता फडकं आणून दिलं,
मग म्हणाल्या, माझा धाकटा गायीच्या दुधावर वाढला,
पाणी घालून. कुणाला सांगितलं नाही कधी.

निहारला परवा परत सर्दी झाली.
नाक वाहतंय, डोळे पाणावलेत.
बोंडल्याची चोच ओठाला लावते,
थेंब आत, थेंब हनुवटीवर.
तो अजूनही माझ्याकडे बघतो
भलत्या दारात उभं केल्यासारखा,
पण गिळतो.