गारव्यात ठेवावे

तक्रारीखाली तीन फोटो आहेत.
पहिल्यात खोका, तळ भिजून पोटासारखा सुटलेला.
दुसऱ्यात माझं अक्षर, निळ्या शाईचं,
इब्रीच्या पत्त्यावरून ओघळत ओघळत
कुठल्याच गावाचं न उरलेलं.
तिसऱ्यात बारा सीताफळं, मेणाची.
एकाही डोळ्याला धक्का नाही.

थुरैयाबाई लिहितात: मेण शाबूत आहे, कबूल,
पण बहिणीच्या साखरपुड्यात हे लगद्याचं काय देऊ?
बरोबरच आहे त्यांचं.
भेट आधी दिसते, मग उघडते.

कुरियरच्या ऑफिसातला माणूस म्हणतो,
मॅडम, ऑगस्टात सोहार ते इब्री थेंब पडलेला नाही.
मी म्हणते, मी कोरडा खोका दिला, पावती आहे.
तो म्हणतो, पावतीवर कोरडा असं लिहिलेलं नाही.
खरंच नाही.
वजन लिहिलंय. दोन किलो शंभर.

रात्री फॉर्म उघडून बसले.
नुकसानीचं कारण निवडा:
विक्रेत्याचं पॅकिंग, वाहतूक, ग्राहकाची हयगय, हवामान.
आपल्याकडे कसं, अस्मानी नाहीतर सुलतानी,
दोन शब्दांत खापर फोडून माणूस मोकळा.
इथे एक गोल काळा केल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.

हवामान निवडलं तर कुणीच काही देणं लागत नाही,
आणि थुरैयाबाईंच्या हाती लगदा राहतो.
पॅकिंग निवडलं तर माझा एक तारा जातो;
साडेतीनच उरलेत.
वाहतूक निवडलं तर अकरा रियाल, गाडी चालवणाऱ्याच्या पगारातून.

म्हणून शोहागला फोन लावला.
आधी गप्प. मग म्हणाला,
दीदी, बारिश नहीं था. पानी मेरा था.

मागचा एसी जूनपासून बंद. सांगितलंय, होईल म्हणतात.
खोक्यावरचं वाचता येत नव्हतं त्याला,
पण सूर्य काढून मी त्यावर फुली मारली होती,
ती त्याला कळली.
यनकुलच्या अलीकडे गाडी कडेला घेतली.
डब्यातला पत्रा हाताला चटका देत होता.
गळ्यातला गमछा बाटलीतल्या पाण्यात बुडवला
आणि खोक्यावर ठेवला,
तापातल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवतात तसा.
वाळला की पुन्हा. तीनदा.
तिसऱ्यांदा बाटली संपली.

मोम बच गया ना, दीदी?

वाचलं, म्हटलं.
बाटलीनंतर इब्रीपर्यंत तो काय प्यायला,
ते मी विचारलं नाही. आत्ता सुचतंय.

श्रीनिवास पलीकडून म्हणाला, भावनेत व्यवहार करू नकोस,
पाणी ओतायला त्याला कुणी सांगितलं होतं?
मी खोक्याकडे बोट दाखवलं.
गारव्यात ठेवावे. तीन भाषांत, शिवाय चित्र.
हे कुणाला उद्देशून लिहिलं मी?
सूर्याला तर नाही.

पॅकिंगचा गोल काळा केला.
शेऱ्यासाठी दीडशे अक्षरं होती,
त्यात लिहिलं: सूचना अपुरी.
थुरैयाबाईंना पैसे परत गेले, नवा खोका उद्या जाईल,
त्यांनी उत्तरादाखल फक्त अंगठा पाठवला.
साडेतीनाचे तीन झाले की काय, ते सकाळी दिसेल.

आता टेबलावर कोरा पुठ्ठा आहे आणि मार्कर.
पाण्यापासून जपा, असं लिहावं, तर
हा माणूस खोका पुढे घेऊन बसेल,
मांडीवर, स्वतःच्या वाटणीच्या झुळकेसमोर.
काहीच लिहू नये, तर सीताफळांची पेज होईल.

थंड ठेवा,
पण तुझ्या पिण्याच्या पाण्यातून नको,
एवढं चित्रात कसं काढतात?

बाटली काढली.
त्यावर फुली मारली.
आता ती वाचली तर वाटतं,
पाणी पिऊ नका.