एक लांब, दोन आखूड

डुलुथ म्हटलं की लोक विचारतात, हे कुठे आलं?
मी हातानेच उतार काढून दाखवते:
वर टेकडी, खाली पाणी,
आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं गाव.
तळं म्हणताना जीभ कचरते.
पलीकडचा काठ दिसतच नाही.
पहिल्याच दिवशी मी बोट बुडवून चाखलं होतं.
एवढं पाणी, आणि अळणी!
मालवणात वाढलेल्या बाईला हे पटायला
एक अख्खा हिवाळा लागला.

तिसऱ्या मजल्याचं भाडं परवडायचं
कारण खिडक्यांच्या फटींतून वारा आत राहायला यायचा.
येताना भोंगा घेऊन यायचा.
एक लांब, दोन आखूड:
जहाज विचारतंय, येऊ का?
आणि पूल आपला अख्खा रस्ता छातीशी उचलून धरत
त्याच सुरात सांगतोय, ये.
मी रात्रपाळी करून आलेली, इस्पितळाचे बूट अजून पायात,
कुकर चढवलेला.
तिसरी शिट्टी नेमकी त्या दोघांच्या बोलण्यात पडायची.
चार वर्षांची रेवा काचेला नाक लावून म्हणायची,
“आई, त्याला पण भात हवाय.”

हवामानवाला रोज सांगायचा, तळ्याकाठी थोडं गार.
थोडं!
जुलैत स्वेटर घालून आम्ही आंबा खाल्लाय,
तोही डब्यातला.
एकदा हेरंबची गाडी बर्फावरून आडवी होऊन
चार चौक खाली घसरत गेली,
कुणालाही न शिवता.
तो आधी हसला.
मग घरी येऊन बराच वेळ मोजे काढत बसला.

तळमजल्यावर तोइवो लाहती.
खनिजाच्या धक्क्यावर चाळीस वर्षं काढलेली,
बोलणं असं मोजून की शब्दागणिक तिकीट लागावं.
त्यांनी आम्हाला अकीक शोधायला शिकवलं.
कोरडे दगड सगळे सारखेच, म्हणाले,
आणि काठावरचा एक उचलून सरळ चाटला.
शी, उष्टा, माझ्या मनात आलं.
पण दगडात तांबड्या रेघा उमटत होत्या,
एकीत एक, एकीत एक,
कुणी आतून दिवा फिरवावा तशा.
पुढच्या रविवारी मीच चाटत होते.
एवढ्या पाण्याला कसलं आलंय उष्टं.

जानेवारीत भोंगा बंद.
बर्फ रात्री कण्हायचा, लांबून, म्हाताऱ्या म्हशीसारखा.
मार्च सरता सरता पहिलं जहाज यायचं
आणि निम्मं गाव धक्क्यावर, कानटोप्या घालून,
माहेरवाशीण यावी तसं.
कुणी ओरडायचं नाही. हात वर करायचे फक्त.
मीही केला. कप्तानानं पाहिला असेल, नसेल.

निघालो तेव्हा तोइवोंनी बरणी दिली,
अकीक भरलेली, वर तळ्याचंच पाणी.
म्हणजे रंग राहतील.
विमानतळावरच्या पोरीने बरणी उजेडात धरली
आणि म्हणाली, दगड चालतील, पाणी नाही.
मागे रांग होती.
मी तळं ओतलं,
कागदी कपांच्या पिंपात.

आता ॲरिझोना. छान आहे, सांधे दुखत नाहीत.
रेवा दिवाळीला येते, नाहीतर येत नाही.
बरणी ओट्यावर आहे. नळाचं पाणी घालते अधूनमधून,
रंग येतात,
पण काचेवर क्षार धरतो.

आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली
की गॅसकडे गेलेला हात
उगाच थांबतो.
दोन श्वास. कधी तीन.
भात बुडाला लागतो.
हेरंब काही म्हणत नाही.
खरवड त्याला आवडते.