सराफ्याचा केर

द्वारका, पत्रास कारण की
मी खुशाल. छोगालालच्या पेढीचा केर
यंदाही मलाच मिळाला. वर्षाचा मक्ता चारशे रुपये,
त्यात कारागिरांच्या हातधुणीचं पाणीही आलं.

इंदूरचा सराफा दिवसा सोनं तोलतो,
रात्री त्याच ओट्यांवर गराडू तळतो.
शेवटची कढई उतरली की तीन वाजता माझी पहाट.
आधी फरशीच्या फटी, कुंचल्यानं,
मग गटार.
जिलबीचा पाक वाहून आलेला असतो,
मुंग्या माझ्याआधी हजर.
त्यांना गोड हवं, मला जड.

डोणीत गाळ फिरवला की हलकं ते निघून जातं,
जड ते तळाशी बसतं.
माणसांचंही असंच, असं काही लिहिणार होतो,
तेवढ्यात कार्ड संपलं.

या महिन्यात नऊ गुंजा.
पारा उडवताना तोंड फिरवून बसतो, तू म्हणालीस तसा.
(एक दाढ हलतेय. ते लिहिलं नाही.)

हाराधन कारागीर बंगालात परत गेला.
बावीस वर्षं ज्यावर बसला तो पाट
मी तीस रुपयांत घेतला, जाळला, राख धुतली.
दोन मासे निघाले, द्वारका!
बावीस वर्षांत त्याच्या मांडीखाली निसटलेले,
आणि तो बिचारा उधारीवर तिकीट काढून गेला.
एक मासा विकून त्याला मनीऑर्डर केली.
रागावू नकोस.

तेव्हापासून स्वतःच्या कपड्यांकडे बघतो.
सोबत जुना सदरा पाठवतोय.
अकरा वर्षांचा सराफा आहे त्यात, पोतेरं करू नकोस.
सुमनचं ठरलं की चुलीत घाल, राख राखून ठेव,
मी येऊन धुतो. नथीपुरतं निघेल.

एरंडोलहून कार्ड आलं, सुमनच्या अक्षरात:
सदरा पोचला. आई जाळणार होती,
पण पितांबरनं अंगात घातला तो काढतच नाही,
गुडघ्याखाली येतो तरी.
तो घालूनच म्हशीमागं जातो, डबक्यात लोळतो.

पेढीच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं.
एकटाच हसलो. झाडूवाली म्हणाली, काय रे, घबाड सापडलं?

द्वारका, घालू दे त्याला.
फक्त धुशील तेव्हा घमेल्यात धू
आणि पाणी फेकू नकोस.